मागून मारलेली हाक

आमच्या गड्याची बायको रुमली पडली तेव्हा शेतात दुसरं कुणी नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे. मी होतो. बांधावर उभा होतो, आणि तिला मागून हाक मारली होती ती मीच. गेल्या काही महिन्यांत ह्यातलं निम्मं मी दोन माणसांना सांगितलं. पण हाक कशासाठी मारली होती ते अजून कुणालाच सांगितलेलं नाही. ते इथं सांगणार आहे.

लिहायला बसलो होतो वेगळ्याच कारणानं. माझ्या मेंदूत पाणी साचलं होतं. सुरतच्या डॉक्टरबाई घरी सोडताना म्हणाल्या, तुमच्या भागातले पेशंट फार उशिरा येतात. कुणी पित्ताचं औषध घेत बसतं, कुणी मानेला शेक देत बसतं. तुम्हाला लिहिता येतं तर झालं ते साधं लिहून काढा, दुसऱ्या कुणाचा तरी वेळ वाचेल. मी हो म्हणालो. दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडलो. रुमलीला बाजूला ठेवून मला माझा आजार सांगता येत नाही.

मी शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीचा. केळी, पपई, थोडा ऊस. गावात मला नाना म्हणतात. बोलणं मुळातच कमी. माझी बायको सुमन म्हणते, ह्यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे बोअरमध्ये अडकलेली मोटर काढण्यातला प्रकार. लोकांना वाटतं स्वभाव आहे. स्वभाव होताच, पण रुमलीनंतर मला त्याचा आडोसा झाला.

गळपट्टा

सुरुवात उन्हाळ्यात झाली. सकाळी उठलं की डोकं जड आणि उलटी. उलटी झाली की बरं वाटायचं, म्हणून शहाद्याच्या डॉक्टरांनी पित्त म्हटलं आणि मलाही ते पटलं. आमच्याकडे शेंगदाण्याचं तेल आणि मिरची एवढी चालते की घरटी एक पित्तवाला असतोच. दुपारपर्यंत डोकं उतरायचं, मी कामाला लागायचो.

मग एकदा केळीत उभा होतो. पपईच्या व्यापाऱ्यानं मागून "ओ नाना" केलं. मी मान वळवली आणि जमीन निघून गेली. चक्कर आली की जमीन फिरते. ही फिरली नाही, नाहीशीच झाली. डोक्याच्या मागच्या बाजूला घण बसावा तशी कळ आली आणि मी केळीच्या खोडाला धरून खाली बसलो. थोड्या वेळानं सगळं जसंच्या तसं. व्यापारी म्हणाला, ऊन लागलं. मी म्हणालो, हो.

पण त्या पहिल्याच वेळी मला रुमली आठवली होती. मी तो विचार लांब ढकलला.

दुसऱ्या डॉक्टरांनी मानेचा एक्सरे काढला, मणका झिजलाय म्हणाले, गळपट्टा दिला. आणि त्या पट्ट्यानं मला खरंच बरं वाटलं. मान वळतच नव्हती, म्हणून ती कळही येत नव्हती. कुणी हाक मारली की मी बैलगाडीसारखा सबंध वळायचो. पोरं हसायची. पट्टा लागू पडला असं मी गावभर सांगितलं. आत पाणी चढतच होतं.

ज्यांच्यासाठी हे लिहितोय त्यांना एवढंच सांगतो. सकाळची डोकेदुखी, सकाळची उलटी, आणि मान वळवली किंवा खाली वाकलं की येणारी कळ, ही सगळी एका माणसाला एकदम होत असतील तर पित्त आणि मणका करत बसू नका. डोक्याचा फोटो काढा. दुसऱ्याला होत असतील तर त्याला उचलून न्या, त्याचं काम संपायची वाट बघू नका.

पोळ्याच्या सुमारास चालणं बिघडलं. पाय उचलेचना, जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. एका संध्याकाळी मी कुंपणाला हात लावत लावत घरी येत होतो. सुमन अंगणात धान्य पाखडत होती. तिचं सूप हातातच राहिलं. मी जवळ येईपर्यंत ती नुसती बघत होती. मग हळूच म्हणाली, "आशीच चाले ना ती. रुमली."

तिनंच तिच्या भावाला फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीतून आम्ही सुरतेला निघालो.

सुरत

तो दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. मशीनचा ठणठणाट. बाहेर बाकावर सुमनच्या मांडीवर माझा गळपट्टा. मेहुणा चहा आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आलाच नाही. नंतर कळलं, त्याला आधी आत बोलावून घेतलं होतं. परत आला तेव्हा त्याच्या हातात चहा नव्हता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. तेव्हाच मला समजलं.

डॉक्टरबाई पुण्यात शिकलेल्या, मराठी बोलायच्या. त्यांनी मला शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं. मेंदूत पाणी रोज तयार होतं आणि रोज वाहून जातं, पाटासारखं. तुमच्या पाटाच्या तोंडाशी एक गोळा आलाय. मान हलली की तो हलतो आणि एकदम तोंड बंद करतो. परत हलला की वाट मोकळी होते. एखाद्या वेळी बसला आणि हललाच नाही, तर माणूस जागच्या जागी जातो.

"जागच्या जागी म्हंजे?" सुमननं विचारलं.

"पडतो. उठत नाही."

सुमननं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पदर तोंडावर धरला. मला माहीत होतं ती कुणाचा विचार करतेय. मीही तोच करत होतो, फरक एवढाच की मी ते पाहिलेलं होतं.

गोळा कसला, तर जंताच्या अळीचा. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात जाणारा लांब पट्ट्यासारखा जंत असतो, त्याची. सुमन म्हणाली, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, मांस खाणाऱ्याच्या पोटात जंत होतो, पण त्या जंताची अंडी त्याच्या शौचातून बाहेर पडतात. तिथून मातीत, पाण्यात, कच्च्या भाजीवर, हातावर. ती ज्याच्या पोटात जातील त्याच्या डोक्यात हे होऊ शकतं. तो माळकरी असला तरी. हा रोग आम्ही बघतो, पण नेमका पाण्याच्या वाटेवर बसलेला क्वचित सापडतो.

मेहुणा म्हणाला, "म्हणजे मजुरांकडूनच आलं असणार."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "कुणाच्या पोटात होता ते शोधायला जाऊ नका. तुमच्याही असेल. शेतावर संडास होता का, ते सांगा."

मी म्हणालो, "होता."

संडास होता. त्याला कुलूप होतं हे मी सांगितलं नाही.

रुमली

वेस्ता आमचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीचा गडी. आमच्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं आणि पुढच्या आखाजीला सुटतं. तो धडगावच्या वरच्या बाजूच्या एका पाड्यातला. बायको रुमली आणि दोन पोरं घेऊन शेतातल्या खोपीत राहायचा. मला तूच म्हणायचा. डोंगरात अहोजाहो नसतं, आणि त्यात अपमानही नसतो.

खोपीमागं मी योजनेतून संडास बांधला होता. अनुदानासाठी त्याचा फोटो काढून झाला तसा त्यात ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या भरल्या आणि दाराला कुलूप घातलं. आमच्या शिवारात असे आणखीही आहेत. डोंगरातल्या माणसाला संडास लागत नाही, असं आम्ही एकमेकांना सांगायचो आणि हसायचो. ती माणसं नाल्याकडं जायची. आमचे पाव्हणेही तिकडंच जायचे, मीही जायचो. नाल्याचंच पाणी घरच्या भाजीच्या वाफ्यांना.

माझ्या आजाराच्या काही वर्षं आधीच्या हिवाळ्यात ती गेली, आणि तिचं डोकं त्या हिवाळ्याच्या आधीपासून दुखत होतं. कपाळावर फडकं घट्ट बांधून ती काम करायची. सकाळी खोपीमागं उलट्या करायची. आम्हाला वाटलं तिसरं पोर. कुंपण धरून चालायला लागली तेव्हा सुमन मला म्हणाली, "तिले दवाखानामा लई जा. काही तरी येगळंच शे हाई." मी म्हटलं, पपईची तोडणी होऊ दे. तोडणी झाली. मग म्हटलं, भरीत होऊ दे.

थंडीत आमच्याकडे शेतात भरीत करतात. वांगी कपाशीच्या पळाट्यांवर, वाळल्या काड्यांवर, भाजायची, लाकडी बडगीत कुटायची, आणि सोबत कांद्याची पात आणि मुळा, कच्चे, तिथंच वाफ्यातून उपटून पाण्यात खळबळून. मान द्यायचा पाव्हणा असला की त्याला भरताला शेतात नेतात. त्या दिवशी मुलीच्या होणाऱ्या सासरची मंडळी येणार होती. वेस्ताला मी लोणखेड्याला सतरंज्या आणायला पाठवलं होतं. त्याची पोरं घरी सुमनजवळ होती.

मी थोडा आधीच शेतावर पोचलो. रुमली पाण्याचा डबा घेऊन नाल्याकडं निघाली होती. हळूहळू, वाफ्यांच्या कडेनं. सतरंज्या टाकायच्या जागेवरून समोरच दिसणार होती. मी बांधावरून मोठ्यानं ओरडलो, "ए रुमली, तिकडं नको बसू. पाव्हणे येतील आता."

हाक एवढ्यासाठी होती. एक बाई शौचाला निघाली होती, आणि तिच्यासाठी बांधलेल्या संडासाची किल्ली माझ्या खिशात होती.

तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं आणि ती पडली. हात पुढे आले नाहीत, तोंडातून आवाज नाही. डबा घरंगळत वाफ्यात गेला. मी धावलो. डोळे उघडे होते, एक पापणी फडफडत होती. गावातली पिकअप बोलावली, तिला आत घेतलं. शहादा यायच्या आधीच ती गेली.

तिथून पुढं मी जे केलं ते घाबरून केलं, पण मला सगळं समजत होतं. दवाखान्यात नेलं तर पोस्टमार्टम, पोलीस, पंचनामा माझ्या शेतावर, आणि पाव्हणे वाटेत. मी गाडी फिरवायला लावली. वेस्ताला सांगितलं, मी आलो तेव्हा ती पडलेलीच होती, पाय घसरला असावा. त्याच गाडीनं त्याला, पोरांना आणि तिला घाट चढून घरी पाठवलं. पाव्हण्यांना कळवलं की लांबचं सुतक आलंय.

काही दिवसांनी रुमलीचे भाऊ खाली आले. थोरला जामसिंग ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला. त्यानं शांतपणे विचारलं की आमची बहीण तरणी होती, तुझ्या शेतात कशी मेली. त्याच्या त्या शांतपणाची मला भीती वाटली. मी म्हणालो, "आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालं होतं. मी आवाज ऐकला. वेस्ता पिलेला होता."

वेस्ता होळीला प्यायचा आणि झोपायचा. त्यानं तिच्यावर हात उचललेला मी कधी पाहिला नाही, ऐकला नाही.

"तू सांगतो ना, पाटील?" जामसिंगनं विचारलं.

"हो. मी सांगतो."

वर पाड्यात पंच बसले. वेस्ता नाही नाही म्हणत राहिला. पण मी जमीनवाला पाटील, खोटं बोलून मला काय मिळणार होतं, असं पंचांना वाटलं. त्याची बैलजोडी दंडात गेली. पोरं मामांकडं गेली आणि बापाला त्या दारात जायला बंदी झाली. बायकोला मारून टाकणारा म्हणून तो त्याच्या माणसांत ओळखला जाऊ लागला. मी त्या आखाजीला दुसरा सालदार ठेवला.

बाटली

आता माझ्यावर काय झालं ते.

आधी डोक्याला छिद्र पाडून एक नळी घातली आणि पाणी बाहेरच्या बाटलीत उतरवलं. ती बाटली माझ्या कानाच्या पातळीला टांगलेली असे. मी वर सरकलो, पलंग हलला, कुणी उशी ओढली, तर पाणी जास्त उतरेल किंवा थांबेल. नर्स येता-जाता बजावायची, "काका, माथुं हलावता नहीं." मला कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. मी छताकडे बघत पडून राहायचो. पाणी थेंब थेंब पडायचं, विहिरीच्या पाण्यासारखं स्वच्छ. एवढं निर्मळ दिसणारं पाणी माणसाला मारतं हे डोळ्यांना पटत नव्हतं.

मग दुर्बीण घालून गोळा काढला. डॉक्टरबाईंनी तो बाटलीत दाखवला. बोराएवढा, पारदर्शक, आत एक पांढरा ठिपका. मी विचारलं, हा किती दिवसांचा असेल. त्या म्हणाल्या, दिवसांचा नाही, काही वर्षांचा. म्हणजे रुमली माझ्या शेतात पडली तेव्हा हा माझ्या डोक्यात होता. आम्ही एकाच वाफ्यातला मुळा खाल्ला होता. मी त्यांना आमच्या एका मजूर बाईची लक्षणं सांगितली, नाव न घेता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तपासल्याशिवाय कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, म्हणाल्या. पण तुम्ही सांगताय तसंच असेल तर हेच असू शकतं. तपासलं का नाही तिला?

मान हलवता येत नाही ह्याचा फायदा घेऊन मी छताकडे बघत पडून राहिलो.

गोळा निघाला, पण आतल्या सुजेनं पाण्याची वाट पुन्हा बुजली. दिवाळीच्या तोंडावर कायमची नळी बसवली. कानामागून कातडीखालून गळ्यातून छातीवरून थेट पोटात. कानामागं बोट लावलं तर बटणासारखं लागतं. ते आता मरेपर्यंत.

बऱ्या गोष्टीही घडल्या, त्या न सांगणं बरोबर नाही. शेजारच्या पलंगावर भरूचकडचे एक म्हातारेबाबा होते, त्यांची सून रोज सुमनसाठी जास्तीचा खाकरा आणायची, आणि दोघींची भाषा निम्मी जुळायची. एक आया माझं अर्धं भादरलेलं डोकं कोमट पाण्यानं पुसायची आणि पुसताना गुणगुणायची. मी पलंगावर लघवी केली तेव्हा सुमननं चादर अशी बदलली, जणू चहा सांडलाय. मला त्या प्रत्येक चांगुलपणाचा त्रास व्हायचा. रुमलीला तिच्या डोक्यावर फडकं घट्ट करून बांधायलासुद्धा कुणी नव्हतं, ते ती स्वतः बांधायची.

तापीचं पाणी

घरी आलो तेव्हा गावात दोन चर्चा होत्या. एक गमतीची. पारावर कुणीतरी म्हणालं, तापीचं पाणी आपल्या शेतात येता येईना, नानाच्या डोक्यात मात्र बरोबर गेलं. मीही हसलो. दुसरी चर्चा दबक्या आवाजातली, की हा डुकराचा किडा असतो, आणि नाना बाहेर काय काय खात असेल कुणास ठाऊक. मुलीच्या सासरी ती पोचली. मी सांगून टाकलं की साधी गाठ होती. पुन्हा खोटं. खरं सांगितलं असतं तर दहा घरांनी वाफ्यातला मुळा धुऊन खाल्ला असता. पण खरं सांगायचं तर संडासापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तिथून सगळं उलगडत रुमलीपर्यंत गेलं असतं.

मी चिडका झालो. ताटावरून उठायचो. सुमन म्हणायची, आजारानं झालंय. एकदा मात्र ती म्हणाली, "मन्हापाईन काय लपाडी ऱ्हायनात तुम्ही?" काय लपवतोय ते न सांगता मी म्हणालो, डोकं दुखतंय. डोकं दुखतंय म्हटलं की घरात सगळे गप्प व्हायचे. ही युक्ती मी बरीच वापरली.

नळी बंद पडली

गेल्या हिवाळ्यात नळी बंद पडली. असं होतं कधी कधी, त्याची सूचना दिलेली असते. दुपारची वेळ. मी खाटेवर पडलो होतो, सुमन जवळच मेथी निवडत होती. डोळ्यांवर झोपेसारखं काहीतरी उतरत होतं, पण ती झोप नव्हती. तिचं बोलणं ऐकू येत होतं. ती मुलीबद्दल काहीतरी सांगत होती. मला उत्तर द्यायचं होतं आणि जीभ उचलेना.

तेव्हा मला स्पष्ट कळलं की मी चाललोय. आणि भीती मरणाची नव्हती. रुमलीला पडताना पाहिलेला माणूस जगात एकच आहे, आणि त्याचं तोंड आता बंद झालंय, ही भीती होती. आयुष्यभर गप्प राहिलो ते माझ्या मर्जीनं. आता बोलायचं होतं. वेस्तानं मारलं नाही, एवढे तीन शब्द. मी ते तीन शब्द आत ओरडत होतो आणि सुमन मेथीच्या काड्या बाजूला टाकत म्हणत होती, झोपा जरा, बरं वाटेल.

मेथीची जुडी संपली तेव्हा तिनं मला हलवलं, म्हणून मी आहे. पुन्हा मेहुण्याची गाडी, पुन्हा सुरत, नळी बदलली. जीभ परत आली.

घरी आल्यावर मी सुमनला सांगितलं. मी तिथं होतो. ती आपोआप पडली. वेस्तानं काही केलं नाही, भावांना मी खोटं सांगितलं. मला वाटलं रडेल, किंवा मला बोलेल. तिनं फक्त विचारलं, "आनि पोरं?"

दुसऱ्या सकाळी ती एकटी शेतावर गेली. मी मागोमाग पोचलो तर ती संडासाच्या कुलपावर दगड घालत होती. गंजलेलं कुलूप, तिसऱ्या घावाला तुटलं. नळ्यांची वेटोळी तिनं एकेक करून बाहेर ओढली. मी पुढं झालो तर म्हणाली, "तुमनं डोकं सुरतले उघाडं. हाई कोन उघाडी?" आता तो संडास वापरात आहे. नवीन सालदार आणि त्याचं घर तोच वापरतं, आम्हीही. मुळा आम्ही शिजवून खातो.

लोणखेडा

वेस्ता लोणखेड्यालाच एकाकडे साल धरून होता. एवढ्या जवळ. मी तो रस्ता टाळायचो, ही वर्षं सगळी. त्या दिवशी गेलो. तो उसाला पाणी देत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं फावडं टेकवलं आणि आधी माझ्या डोक्याकडं पाहिलं.

"नाना, तुझ्या डोक्यात पाणी झालं होतं म्हणे."

मी हो म्हणालो. त्यानं विचारलं, ते निघतं कुठून. मी त्याचं बोट धरून कानामागं लावलं. तो ते बटण दाबून बघत राहिला.

"रुमलीला बसली असती अशी नळी?"

मी सांगितलं की नक्की कुणीच सांगू शकत नाही. पण नेलं असतं तर बघता आलं असतं. नेलं नाही ते मी. आणि मग मी उभ्या उभ्या त्याला सांगितलं, की ती पडली तेव्हा मी बघत होतो, आणि तिच्या भावांना मी काय सांगितलं. हाकेचं सांगितलं नाही. तेवढं तोंडातून आलं नाही.

त्यानं मला मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो पाटाच्या कडेला बसला. पाणी सरीतून पुढं जात होतं, त्यानं सवयीनं एका सरीचं बारं, पाण्याचं तोंड, फोडलं, दुसरीचं बांधलं. मग म्हणाला, "मला सांगून काय? मी मारली नाही ते मला माहीत आहे. तिथं माहीत नाही."

मी म्हणालो, पोरं कशी आहेत.

"पोरगी मोठी झाली. मला बघितलं की घरात पळते." त्यानं फावडं उचललं. "तिथं सांग. जामसिंगच्या दारात. पंच बसव आणि सांग. मग मी बघतो तुझ्याशी बोलायचं की नाही."

मी विचारलं, तू येशील का सोबत. तो म्हणाला, मला त्या दारात बंदी आहे, तूच घातलेली.

त्याला आता काही महिने झाले. मी गेलेलो नाही. सुमनला सांगितलं, घाटातले धक्के, जीपमधली दाटी, डोक्यातली नळी. तिनं फोन लावला आणि माझ्यासमोर डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खुशाल जा, फक्त सावकाश. तेव्हापासून मला कारण उरलेलं नाही. तरी गेलो नाही. जामसिंगचा तो शांत आवाज मला अजून ऐकू येतो, आणि मी सांगतो म्हटल्यावर त्यानं विश्वास ठेवला होता. आता मी सांगतो म्हटल्यावर त्यानं का ठेवावा?

सकाळी उठल्यावर मी आधी कानामागं बोट लावतो. मग स्वतःशी मोठ्यानं दोन शब्द बोलून बघतो, जीभ चालते का. अजून चालते. किती दिवस ते कुणी सांगू शकत नाही. म्हणूनच हे लिहून ठेवलं, पण लिहिलेलं त्या पाड्यात कुणी वाचणार नाही, हेही मला माहीत आहे.

आखाजी जवळ आली आहे. आमच्याकडे त्या दिवशी जुनं साल सुटतं. माझ्याकडून एवढं देणं राहिलं आहे: जामसिंगच्या दारात, पंचांसमोर, त्या दोन पोरांना पुढं बसवून सांगायचं की तुमच्या बापानं तुमच्या आईवर हात उचलला नव्हता; संडासाला कुलूप मी घातलं होतं, हाक मी मारली होती, तिनं मान वळवली आणि ती पडली, आणि मी खोटं बोललो.

ते मी अजून दिलेलं नाही.